हिरवा दोरा

बीडला जालना रोडवर पहिल्या मजल्यावर डॉक्टर समाधान ओव्हाळ यांचा छातीच्या विकारांचा दवाखाना आहे. आत गेल्यावर समोरच्या भिंतीला तीन रिकामे खिळे दिसतात. पूर्वी तिथं एम.डी.ची पदवी होती, दिल्लीच्या परिषदेतला फोटो होता आणि पुढाऱ्याच्या हस्ते मिळालेलं एक भलंमोठं मानचिन्ह होतं. आता पेशंट त्या खिळ्यांना आपल्या पिशव्या अडकवतात. दम लागलेली माणसं अजूनही त्यांच्याकडेच येतात, कारण जायला दुसरं ठिकाण नाही. पण ‘आकडे खोटे करणारे ओव्हाळ ते हेच का?’ असं चहाच्या टपरीवर विचारणारेही याच बीडमध्ये आहेत आणि विचारताना त्यांना फार बरं वाटतं. आपल्याकडे माणूस वर चढताना जेवढी गर्दी नसते तेवढी तो पडल्यावर जमते.

हे सगळं एका दोऱ्यापायी झालं.

समाधानचं गाव शिरूर कासारच्या अलीकडं. दसरा झाला की अर्धं गाव ट्रॅक्टरात बसून ऊसतोडीला निघायचं, अजूनही निघतं. तिथं मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं ऊस तोडायचा, तिनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढून टाकायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता आणि अर्ध्या कोयत्याला कुणी नेत नाही.

समाधानचा बाप कचरू आणि माय सरूबाई असाच एक कोयता होते. सरूबाईची छाती वाजायची. पालातली चूल, जळत्या पाचटाचा धूर, उसाच्या पानांवरची कुसळं, पहाटेचं दव. खोकला बसला की ती पालाच्या बांबूला धरून उभी राहायची. एका डॉक्टरनं टीबी सांगितला, दुसऱ्यानं दमा. टीबीच्या गोळ्या तिनं दोनदा पूर्ण खाल्ल्या, तरी छाती वाजतच राहिली. समाधान सातवीला होता, बीडच्या वसतिगृहात. त्या हंगामात सरूबाई उसाच्या फडातच वारली. तिकडंच उरकलं. समाधानला मायचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. कुणीतरी कागदावर ‘दमा’ लिहिलं आणि विषय संपला.

संपला तो त्यांच्यासाठी. कचरू आता अर्धा कोयता झाला होता. तेव्हा समाधानची थोरली बहीण यशोधरा, वय पंधरा, शाळेचं दप्तर खुंटीला अडकवून बापाबरोबर फडात गेली. मायच्या जागी मोळ्या वाहू लागली. समाधान तिला अक्का म्हणायचा. अक्काच्या डोक्यावरच्या मोळ्यांवर हा पोरगा अंबाजोगाईला डॉक्टर झाला, पुढं छातीचा स्पेशालिस्ट झाला. पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात चांगली जागा मिळत होती, ती सोडून बीडला आला. लोकांनी वेड्यात काढलं. त्याच्या डोक्यात एकच होतं. मायला दमा नव्हता, कामानं मारलं तिला, आणि हे सरकारच्या कागदावर आणायचं. ऊसतोड हा फुप्फुस खाणारा धंदा आहे असं एकदा ठरलं की तपासणी आली, औषध आलं, भरपाई आली. त्यासाठी पुरावा लागतो. पुरावा म्हणजे आकडे.

म्हणून त्यानं अभ्यास मांडला. हंगामाला जाण्याआधी माणसांना एका यंत्रात फुंकायला लावायचं, परत आल्यावर पुन्हा फुंकायला लावायचं, आणि छातीत किती दम उरला ते नोंदवायचं. वर्षामागून वर्ष, तीच माणसं. लोकांनी यंत्राचं नाव फुंकणी ठेवलं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण फुंकायच्या. आपला डॉक्टर होता ना तो, कोयत्यातून निघालेला.

पहिल्या काही वर्षांचे आकडे वाईटच होते, म्हणजे समाधानच्या दृष्टीनं खरे होते. अडचण एकच. ज्यांची छाती खराब त्यांना तो चिठ्ठी लिहून द्यायचा, ‘जड काम नको, औषध चालू ठेवा’, आणि ती चिठ्ठी पालात भिजून जायची, नाहीतर चुलीत जायची. वाचणार तरी कोण होतं? एका दसऱ्याला नारायणगडाच्या पायथ्याशी त्यानं शिबिर लावलं होतं. यात्रेकरू येत होते, जात होते. नाडी बघायला त्यानं एकेकाचं मनगट हातात घेतलं तर प्रत्येकाच्या मनगटावर दोरा. काळा, भगवा, लाल. कुठल्या कुठल्या गडाचा, कुणाकुणाच्या नवसाचा. झिजून तुटेपर्यंत कुणी काढत नाही. समाधानला वाटलं, सापडलं. चिठ्ठी हरवते, दोरा हरवत नाही.

पुढच्या शिबिरापासून त्यानं दोरे बांधायला सुरुवात केली. छाती चांगली असेल तर हिरवा. कमी असेल तर पिवळा, त्याला औषध. फारच कमी असेल तर लाल, त्यानं फडात जायचंच नाही, बीडला येऊन उपचार घ्यायचे. कल्पना कुणालाही आवडावी अशीच होती. फक्त कचरूला आवडली नाही. घर बौद्ध, पण म्हातारा परित्राण पाठाचा पांढरा धागासुद्धा बांधून घेत नसे.

“माझ्या बापानं छप्पन साली देव पोत्यात भरून सिंदफणेत सोडले,” तो म्हणाला. “हातातले दोरे समद्या वस्तीसमोर तोडले. अन् तू डाक्टर हून लोकायला दोरे बांधायलास व्हय बे?”

“बा, ह्यो मंतराचा दोरा न्हाई, मापाचा हाय.”

“असल मापाचा. लोकायच्या हाताला दोरा बांधला की लोक दोऱ्याकडंच बघतेत.”

समाधान हसला. एवढी वर्षं शिकलेला माणूस, बापाचं बोलणं मनावर कशाला घेईल?

दोरे अमरसिंहांच्या कानावर गेले. अमरसिंह म्हणजे कारखान्याचे संचालक आणि तालुक्याचे पुढारी, लोक त्यांना दादा म्हणतात. दादांनी शिबिराला गाडी दिली, मंडप दिला, आणि दोन्हींवर आपला फोटो लावला. कारखान्यानं मुकादमांना सांगितलं, लाल दोऱ्याचा माणूस आणू नका. समाधानला हे ऐकून केवढा आनंद झाला! आजवर कुणी कारखान्याचा माणूस मजुराच्या छातीबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

त्या वर्षी अक्काला लाल दोरा आला. तिचं लग्न होऊन पोरं मोठी झाली होती, नवऱ्याबरोबर तिचा कोयता होता. समाधाननं स्वतः तिच्याकडून फुंकून घेतलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग आपल्या हातानं लाल दोरा बांधला. मुकादम धोंडीराम दारात येऊन उभा राहिला आणि दोरा बघून परत फिरला.

“अक्का, तुमाला म्या कसं नेऊ? कारखाना मलाच भाईर काढल.”

तो हंगाम अक्कानं आणि दाजींनी गावात काढला. गावात काम नव्हतं. थोरल्या लेकीचं, प्रियदर्शनीचं ठरलेलं लग्न पुढं ढकललं. समाधान म्हणायचा, “मी हाय की, लागल ते मी बघतो.” अक्का म्हणायची, “तुला म्या शिकवलं ते तुझ्या दारात बसून खायाला न्हवं.” तरी समाधान खूश होता. बहिणीला तोंडातून ओढायचा औषधाचा पंप दिला होता, तिचा खोकला कमी झाला होता. मायला वाचवता आलं नाही, अक्काला वाचवलं, असं तो मनाशी घोकायचा.

पुढच्या दसऱ्याला अक्काला हिरवा दोरा आला.

समाधान तेव्हा दिल्लीला परिषदेत होता. शिबिर त्याच्या टेक्निशियननं घेतलं, आणि पुढची शिबिरंही त्याच्यावरच पडली. त्यानं फोनवर सांगितलं, “सर, तुमच्या ताईंचा हिरवा आला. एकदम भारी फुंकलं.” एकट्या अक्काचं नव्हे, त्या वर्षी शिबिरात लाल दोरा जवळपास कुणालाच लागला नाही. हंगामाहून परतल्यावरही आकडे चांगलेच. पुढच्या साली आणखी चांगले. लाल दोऱ्याच्या रिळावर धूळ बसली.

इथं एखाद्यानं थांबून विचार केला असता. जो माणूस ‘ऊसतोड फुप्फुस खाते’ हे सिद्ध करायला निघाला, त्याच्या हातात ‘ऊसतोडीनंतर फुप्फुसं सुधारतात’ असे आकडे आले. मग मोजण्यात काय चुकलं? पण समाधानला त्यात आपलं कौतुक दिसलं. दोरा आणि पंप यांनी ही किमया केली, असं त्यानं ठरवलं. निबंध लिहिला, परदेशी नियतकालिकात छापून आला. ‘धागा प्रयोग’ म्हणून वर्तमानपत्रांत नाव झालं. दिल्लीच्या व्यासपीठावर त्यानं स्वतःच्या बहिणीचं उदाहरण दिलं आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दादांनी मानचिन्ह दिलं. माय कुठंतरी मागं राहून गेली. मी हे रागानं सांगतोय, पण त्या टाळ्या कुणाला नको असतात?

हिरव्या दोऱ्याला औषध नसतं. म्हणून त्यानं अक्काला फोनवर सांगितलं, “अक्का, आता पंप बंद कर. गरज न्हाई तुला.” अक्का म्हणाली, “बरं.”

शेवटच्या हंगामाला जाण्याआधी ती बीडला आली होती, भावाला धपाटे घेऊन. बराच वेळ झाला तरी वर आली नाही म्हणून समाधाननं जिन्यात डोकावलं. अक्का मधल्या पायरीवर बसली होती, कठड्याला धरून.

“काय झालं गं?”

“काई न्हाई. चप्पल तुटली.”

“नवी घेऊ की,” तो म्हणाला आणि हसला. धपाटे खाल्ले. तिच्या मनगटावरचा हिरवा दोरा बोटानं फिरवून बघितला. शेजारच्या खोलीत फुंकणी होती, गळ्यात छाती ऐकायची नळी होती. बहिणीच्या छातीला ती लावावी असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण मनगटावर हिरवा होता. तिच्या पायातल्या चपला नव्या कोऱ्या होत्या, हे त्याला फार उशिरा आठवलं.

माघ लागता लागता सांगलीकडच्या एका फडातून फोन आला. मोळी घेऊन फळीवर चढताना अक्का मध्येच थांबली, मोळी खाली सोडली आणि तिथंच बसली. दाजी वर चढेपर्यंत संपलं होतं.

मायच्या वेळी तिकडंच उरकलं होतं, म्हणून समाधाननं गाडी पाठवून अक्काला गावी आणलं. अंगणात तिला ठेवलं. कचरू काठी टेकत आला, लेकीजवळ बसला. तिचा हात उचलून त्यानं मनगटावरचा हिरवा दोरा बघितला. गाठ सुटेना. मग म्हाताऱ्यानं वाकून उरलेल्या दातांनी तो तोडला आणि समाधानच्या हातावर ठेवला.

“घे,” एवढंच म्हणाला.

बायका रडत होत्या. समाधान भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच त्या गोष्टीवर येत होता. आकडा चांगला होता. दोन्ही वर्षं चांगला होता. अशी छाती एका हंगामात कशी संपते? हृदय असेल का? तो हे मोठ्यानं बोलला असावा, कारण शेजारी बसलेल्या प्रियदर्शनीनं मान वर केली. अक्काची थोरली लेक, वर्षापूर्वीच लग्न झालेली.

“मामा,” ती म्हणाली, “मायचं म्या फुंकलं व्हतं.”

“काय?”

“दोन्ही सालं. मायचं नाव पुकारलं की म्या डोक्यावर पदर घिऊन जायची.”

“कावून?”

एवढ्या शिकलेल्या मामाला हे विचारावं लागतं याचं तिला नवल वाटलं असेल.

“लाल आला तं नेत न्हाईत की. त्या साली घरी बसलो, किती हाल झाले तुमाला ठावं न्हाई. मायच म्हनली, तू फुंक. अन् समदेच फुंकतेत, मामा. शिवकन्या मावशीचं तिची सून फुंकती. म्हाताऱ्यायचं त्यांचे पोरं फुंकतेत. धोंडीराम मुकादमच सांगतो, ज्याची छाती चांगली त्याला धाडा म्हनून. त्याला बी कोयते पुरे पायजेत.”

मग ती रडायला लागली. “म्या लई जोरात फुंकलं, मामा. मायला वाटलं तुमी खूश व्हताल.”

समाधाननं तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. तो तिथंच खाली बसला. त्याचा अख्खा अभ्यास पोरीसुनांच्या छात्यांवर उभा होता. आजारी छात्या तिकडं फळीवर मोळ्या घेऊन चढत होत्या आणि त्यांना औषध द्यायचं त्यानंच बंद केलं होतं.

सुतक-बितक त्या घरात पाळत नाहीत. तो दुसऱ्या दिवशी कामाला लागला. सरकारनं ऊसतोड मजुरांच्या आरोग्यासाठी समिती नेमली होती. तिचा अहवाल तेव्हाच बाहेर पडला होता, आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की या कामाचा फुप्फुसांवर विपरीत परिणाम होत असल्याचं आढळत नाही. खाली आधार म्हणून एकाच निबंधाचं नाव होतं. ते समाधान ओव्हाळचं होतं. मायच्या मरणाचं खरं कारण सरकारी कागदावर आणायला निघालेल्या पोरानं, ते कारण नव्हतंच असं सरकारी कागदावर आणलं होतं.

तो मुंबईला गेला. समितीच्या अधिकाऱ्यासमोर बसला. आकडे चुकीचे आहेत म्हणाला.

“निबंध तुमच्याच सहीचा आहे ना?” अधिकारी म्हणाला.

“हो. तो मी मागं घेतोय.”

“घ्या. पण या कामानं हानी होते असं दाखवणारा दुसरा अभ्यास आहे का तुमच्याकडे?”

“पहिल्या वर्षांचे आकडे आहेत.”

“ते तुम्हीच घेतलेले. दुसऱ्या कुणाचा?”

“नाही.”

“मग अहवाल आहे तसा राहू द्या.” त्यानं चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, नुसता जबाबदारीतून मोकळा झाला होता.

नियतकालिकानं कारण विचारलं. समाधानला खरं लिहिता आलं असतं, मजूर दुसऱ्याच्या नावानं फुंकत होते म्हणून. पण मग कारखान्यानं हिरव्या दोऱ्याच्या प्रत्येक माणसाकडं संशयानं बघितलं असतं आणि वर्तमानपत्रांनी लबाड कोण हेही ठरवून टाकलं असतं. अक्काचं नाव त्यात आलं असतं. त्यानं लिहून दिलं, ‘चाचण्यांवर देखरेख ठेवण्यात माझ्याकडून गंभीर चुका झाल्या.’ निबंध मागं घेतला गेला. मग काय, बीडमध्ये पर्वणीच. आकडे खोटे करून बक्षिसं मिळवली, असं छापून आलं. नव्या अभ्यासाला पैसे द्यायला कुणी तयार होईना. दादांनी पत्रकारांना सांगितलं की आमची फसवणूक झाली, आणि मंडपावरचा स्वतःचा फोटो तेवढा काढून नेला. त्या दिवशी समाधाननं भिंतीवरचं सगळं उतरवलं. खिळे काही निघाले नाहीत.

पुढचा दसरा आला. शिबिर नव्हतं, तरी समाधान गावी गेला. निदान एकेकाची छाती ऐकावी, कानात सांगावं, औषध द्यावं, एवढं तरी.

वेशीजवळ ट्रॅक्टर उभे होते. भांडी, पालांचे बांबू, कोंबड्यांची खुराडी वर चढवली जात होती. लिंबाखाली धोंडीराम मुकादम खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या एका हातात फुंकायचं छोटं प्लॅस्टिकचं यंत्र होतं, ऑनलाइन मागवलेलं, आणि दुसऱ्या हातात दोऱ्याचं रीळ. समोर रांग होती. एकेक जण यायचा, फुंकायचा आणि हात पुढं करायचा. काटा कुठं जातो ते धोंडीराम बघतही नव्हता.

“या या, डाक्टरसाहेब,” तो उठून उभा राहिला. “तुमचंच काम चालू ठेवलंय. दोरा असला की कारखाना काई इचारत न्हाई.”

समाधाननं रिळाकडं बघितलं. “लाल कुठं हाय?”

“लाल?” धोंडीराम खरोखरच गोंधळला. “लाल कशाला लागतंय?”

रांगेतून प्रियदर्शनी बाहेर आली. डोक्यावर पदर, पाठीशी नवरा. आता त्यांचा कोयता होता. तिनं मामाला बघितलं, हसली आणि मनगट पुढं करून दाखवलं. हिरवा दोरा ताजा होता, टोकं अजून लांब होती.

“मामा, औंदा माझं म्याच फुंकलं.”

बोलता बोलता ती खोकली. कोरडा, छोटा खोकला, ती स्वतः विसरूनही गेली. समाधाननं खिशातली नळी काढली, कानाला लावली आणि तिच्याकडं एक पाऊल टाकलं. ती चटकन मागं सरली. तिनं पदर पुढं ओढून छाती झाकून घेतली आणि लिंबाखाली बघत हळूच म्हणाली,

“इथं नगं, मामा. मुकादम बघायलाय.”

ट्रॅक्टर सुरू झाला. नवऱ्यानं हात दिला, ती वर चढली आणि भांड्यांच्या मधल्या जागेत बसली. समाधाननं नळी परत खिशात ठेवली.